‘स’ वरही आहे आणि खालीही: कच्च्या गणिताचा एक प्रकरण अभ्यास

विद्यार्थिनी जीवरसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची. पेशी, प्रथिनं, एन्झाइम यांविषयी काहीही विचारा, उत्तर मुद्देसूद येतं. प्रयोगशाळेत हात सफाईचा. पण प्रश्नात आकडेमोड आली की पान कोरं राहतं, नाहीतर पानभर खाडाखोड. सत्र अर्धं सरेपर्यंत संख्यात्मक भागात ती सतत नापास होत होती, आणि हा विषयच सोडावा का, हे विचारायला माझ्याकडे आली. त्या विभागातल्या मुलांना गणित आणि संख्याशास्त्रात लागेल ती मदत करणं हे माझं काम. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

विभागाचं निदान तयार होतं: ‘पाया कच्चा आहे.’ हे खोटं नाही, पण एवढ्यावरून पुढे काय करायचं ते कळत नाही. पाया म्हणजे नेमकं काय? अपूर्णांक, घातांक, समीकरणं, गुणोत्तर, लॉग, की सगळंच? शाळेचं सगळं गणित पुन्हा शिकवायला ना तिच्याकडे वेळ होता, ना आमच्याकडे. शिवाय तो प्रयोग तिनं आधीच करून पाहिला होता. सत्राच्या सुरुवातीचा उजळणी वर्ग तिनं मन लावून पूर्ण केला, शेवटच्या चाचणीत चांगले गुण मिळवले, आणि लगेच मुख्य विषयाच्या परीक्षेत तिची दांडी उडाली. मला या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटली ती हीच गोष्ट, कारण मेहनत कमी पडली असं म्हणायला इथे जागाच नव्हती.

उजळणी झाली, उपयोग का झाला नाही?

तिची उजळणीची वही मी मागून घेतली. अक्षर सुरेख, प्रत्येक उदाहरणाखाली दुहेरी रेघ. पहिलं प्रकरण अपूर्णांकांच्या बेरजेचं, आणि त्याखालची सगळी उदाहरणं अपूर्णांकांच्या बेरजेचीच. दुसरं घातांकांचं, तिथे सगळे घातांकच. अशी रचना वाचायला सोपी जाते, पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. पहिली दोन-तीन उदाहरणं सोडवली की हाताला चाल सापडते आणि पुढची डोकं न वापरता सुटतात. इथे कोणती पद्धत लावायची, हा खरा अवघड प्रश्न प्रकरणाच्या मथळ्यानंच सोडवून ठेवलेला असतो. एन्झाइमच्या प्रश्नावर असा मथळा नसतो.

डग रोहरर आणि केली टेलर यांचा २००७ मधला प्रयोग इथे अगदी चपखल बसतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एकेका आकाराचा सराव सलग केला, काहींनी चारही मिसळून. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर घसरले आणि मिसळवाले ६३ वर राहिले. म्हणजे सरावात येणारं यश हे शिकल्याचा पुरावा नाही. आमची विद्यार्थिनी नेमकी या सापळ्यात होती: उजळणी वर्गातले गुण सांगत होते की तिला येतं, परीक्षा सांगत होती की येत नाही. आणि तिनं त्यातून एकच निष्कर्ष काढला होता, की आपल्याला गणिताचं डोकंच नाही.

कागदावर काय दिसलं

तिला आणखी एक चाचणी देण्यात अर्थ नव्हता. चाचणीतून एक बेरीज हाती येते, आणि त्या बेरजेतून चूक कुठे जन्मते ते समजत नाही. मी तिच्याच विषयातलं सूत्र घेतलं, मायकेलिस आणि मेंटेन यांच्या नावानं ओळखलं जाणारं, १९१३ सालचं. व हा अभिक्रियेचा वेग, म हा महत्तम वेग, स ही सब्स्ट्रेटची (एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थाची) संहती आणि क हा मायकेलिस स्थिरांक:

व = (म × स) ÷ (क + स)

“सब्स्ट्रेटची संहती दुप्पट केली तर वेगाचं काय होईल? बोलत बोलत सोडव. बरोबर की चूक, ते मी आत्ता सांगणार नाही.”

“आधी सोपं रूप देते,” ती म्हणाली. “वर स आहे, खाली स आहे. स कट.” उरलं व = म ÷ क. हात क्षणभरही अडखळला नाही.

“आता दुप्पट केलं तर?”

“स उरलाच नाही, मॅडम. म्हणजे वेग बदलणार नाही.”

“प्रयोगात काय दिसलं होतं?”

“वाढतो. आधी भराभर, मग सावकाश, शेवटी सपाट होतो.” बोटानं तिनं टेबलावर तो वक्रही काढून दाखवला. मग कागदाकडे पाहिलं. “पण इथे तसं येत नाहीये.”

वक्र तिला पाठ नव्हता, समजलेला होता. एन्झाइमच्या सगळ्या जागा भरल्या की वेग वाढायचा थांबतो, हे तिनं आपणहून सांगितलं. आणि तरीही हातानं त्या समजुतीच्या थेट विरुद्ध जाणारं उत्तर लिहिलं, तेही बिनदिक्कत. विषयाचं ज्ञान आणि बीजगणित ही तिच्या लेखी दोन वेगळी खाती होती. एका खात्यातलं उत्तर दुसऱ्यात तपासून घ्यायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग आकडे घेतले. म = १००, क = ४. स जर ४ असेल तर ४०० भागिले ८, म्हणजे ५०. स १२ असेल तर १२०० भागिले १६, म्हणजे ७५. स ३६ असेल तर ३६०० भागिले ४०, म्हणजे ९०. तिनं शेजारी ‘कट’ केलेल्या सूत्राची उत्तरं लिहिली: २५, २५, २५.

“पण वर-खाली सारखं असलं तर कट करतातच ना?”

हा प्रश्न फार महत्त्वाचा होता, कारण तिचं म्हणणं निराधार नव्हतं. (५ × ३) ÷ (७ × ३) मध्ये ३ कापता येतो, आणि शाळेत असली शेकडो उदाहरणं तिनं बरोबर सोडवली होती. (५ + ३) ÷ (७ + ३) म्हणजे ८ ÷ १०, पण ३ कापले तर ५ ÷ ७ उरतात. पहिलं ०.८, दुसरं साधारण ०.७१. हे दोन आकडे तिनं कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते.

पुढचं सूत्र लाइनवीव्हर आणि बर्क यांचं, १९३४ सालचं. तेच समीकरण उलटं करून सरळ रेषेत बसवलेलं:

१ ÷ व = १ ÷ म + क ÷ (म × स)

यावरून व काढायला सांगितलं. तिनं प्रत्येक पद वेगवेगळं उलटं केलं: व = म + (म × स) ÷ क. मघाचेच आकडे घाल म्हटल्यावर स = ४ साठी उत्तर आलं २००. ती स्वतःच थांबली. “महत्तम वेग शंभर आहे आणि वेग दोनशे?” या वेळी दोन खाती एकमेकांशी बोलली होती, आणि मी फक्त आकडे घालायला सांगितलं होतं.

सहा विषय, एकच खोड

त्यानंतर मी तिच्या जुन्या उत्तरपत्रिका पुन्हा वाचल्या, गुणांकडे न पाहता फक्त चुकलेल्या ओळींसाठी. एका ठिकाणी ०.३ आणि ०.४ यांच्या बेरजेचा वर्ग ०.०९ + ०.१६, म्हणजे ०.२५ लिहिला होता, खरा ०.४९. प्रयोगातल्या ३ आणि ४ अशा दोन स्वतंत्र त्रुटी एकत्र करताना ९ + १६ चं वर्गमूळ ७ काढलं होतं. ते ५ आहे. एका ठिकाणी दोन संख्यांच्या बेरजेचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज. आणखी एका ठिकाणी १० चा उणे तिसरा घात अधिक १० चा उणे चौथा घात बरोबर १० चा उणे सातवा घात, म्हणजे ०.००११ च्या जागी ०.००००००१.

उजळणी वर्गाच्या हिशेबात ही वर्ग विस्तार, वर्गमूळ, लॉग, घातांक, अपूर्णांक आणि सूत्रांचं रूपांतर अशी सहा प्रकरणं झाली. माझ्या मते ही जवळपास एकच चूक आहे. बेरजेवर कोणतीही क्रिया आली की ती क्रिया तुकड्या-तुकड्यावर वेगळी करायची, ही एकच खोड प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वेषात येते. आणि ती मूर्खपणातून येत नाही. ३ × (अ + ब) म्हणजे ३अ + ३ब हे अगदी खरं आहे. लहानपणी मनात पक्कं बसलेलं हे खरं तत्त्व तिनं वर्ग, वर्गमूळ, लॉग आणि व्यस्त यांनाही लावलं. म्हणून ‘नियम पाठ कर’ असं सांगून इथे काही साधत नाही. नियम तिला पाठ आहे. तो कुठे थांबतो हे माहीत नाही.

दुसरी गोष्ट अपूर्णांकांची. तिला १/२ + १/३ बरोबर जमत होतं, पण लसावि काढायच्या यांत्रिक रीतीनं. उत्तर अंदाजे किती यावं, हे विचारल्यावर ती गप्प झाली. कुणी २/५ असं उत्तर दिलं तर ते अर्ध्यापेक्षाही लहान आहे, म्हणजे बेरीज करून संख्या घटली, हे तिच्या लक्षात येत नव्हतं. अपूर्णांक ही तिच्यासाठी संख्या नव्हती, एकावर एक ठेवलेल्या दोन संख्या होत्या. रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतली दीर्घकाळची माहिती तपासली, तेव्हा दहाव्या वर्षाच्या आसपास अपूर्णांक आणि भागाकार किती समजतात, यावरून पुढच्या शालेय गणिताचा अंदाज बांधता येतो असं दिसलं; कुटुंबाचं उत्पन्न आणि बुद्धिमत्ता हिशेबात धरूनही. या मुलीकडे पाहताना ते पटतं.

तिसरी बारीकशी: −३य = १२ याचं उत्तर ती य = ४ असं काढे, कारण ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’. बेरजेतल्या पदाची रीत तिनं गुणकालाही लावली. दोन्ही बाजूंना −३ नं भागायचं, एवढंच म्हणायला लावल्यावर ही चूक लवकर गेली.

काय ठरवलं

नवा वर्ग नाही, नवं पुस्तक नाही. जे करायचं ते तिच्या चालू विषयाच्या आत. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत ॲलेक्झांड्रा लोग आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग माझ्या मनात होता. गणितात कच्चे ठरलेल्या विद्यार्थ्यांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काहींना उजळणीच्या बीजगणितात घातलं, काहींना थेट पदवीच्या संख्याशास्त्रात, पण सोबत जादा कार्यशाळा देऊन. उत्तीर्ण होण्याचं प्रमाण संख्याशास्त्रवाल्यांत सुमारे १६ टक्केबिंदूंनी जास्त होतं. विषय थोडा वेगळा असला तरी यातून हे दिसतं की कच्च्या मुलांना मुख्य विषयाच्या दाराबाहेर थांबवणं हा एकमेव मार्ग नाही, आणि बहुधा चांगलाही नाही.

पहिलं काम पद आणि अवयव ओळखण्याचं. कोणत्याही राशीला हात लावण्याआधी बेरीज-वजाबाकीनं जोडलेल्या गटाभोवती पेन्सिलनं वर्तुळ काढायचं. (क + स) भोवती वर्तुळ आलं की ते एक अखंड ढेकूळ. त्याच्या आतलं काहीही एकटं बाहेर काढून कापायचं नाही. कापायचंच तर अख्खं ढेकूळ, तेही वर-खाली दोन्हीकडे गुणाकारानं जोडलेलं असेल तर. सुरुवातीला तिला हे बालिश वाटलं. शेजारी कुणी बसलं की ती कागदावर हात ठेवी. मग मी उदाहरणं पूर्णपणे तिच्या पाठ्यक्रमातली घेतली: एन्झाइमची सूत्रं, विरलन (द्रावण पातळ करणं), सामू (पीएच). कागद वर्गातल्या इतरांसारखाच दिसायला लागला आणि हात बाजूला झाला. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला मूळ गणित शिकवताना हे जपायलाच हवं. सफरचंदं वाटण्याची उदाहरणं दिली तर तो समोरून उठून जातो, आणि त्याचं चुकत नाही.

दुसरं काम खरं-खोटं ठरवण्याचं. मी एक ओळ लिहून द्यायची, तिनं सांगायचं: नेहमी खरी, कधीकधी खरी, की कधीच नाही. (अ + ब)² = अ² + ब² ही ओळ दिली तेव्हा तिनं आधी ‘कधीच नाही’ म्हटलं. मग आपणच अ = ० घालून पाहिलं आणि म्हणाली, “दोन्हींपैकी एक शून्य असेल तर खरी आहे.” असं कधी होईल हे शोधायला गेलं की नियम कुठे थांबतो ते दिसतं, आणि तिला नेमकं तेच हवं होतं. १/(अ + ब) = १/अ + १/ब ही ओळ तिनं दोन्ही धन संख्या घेऊन खूप वेळ तपासली. उजवी बाजू नेहमीच मोठी येते हे तिला दिसलं. का, हेही तिनं सांगितलं: छेद वाढला की अपूर्णांक लहान होतो, म्हणून डावीकडचा एकटा अपूर्णांक उजवीकडच्या प्रत्येक तुकड्यापेक्षा लहान. अपूर्णांकाकडे ती पहिल्यांदाच एक संख्या म्हणून बघत होती.

तिसरं, अंदाज आधी आणि आकडेमोड नंतर. उत्तर वाढेल की घटेल, शंभरच्या वर की खाली, हे शब्दांत लिहिल्याशिवाय कॅल्क्युलेटर उघडायचा नाही.

चौथं, मिसळलेला सराव. भेटीच्या सुरुवातीला वही बंद ठेवून चार-पाच लहान प्रश्न, वेगवेगळ्या जातींचे, त्यात मागचं काही, त्याहून मागचं काही. यावर तिची तक्रार आली की आता पूर्वीपेक्षा जास्त चुकतंय. खरंच चुकत होतं. रोहरर आणि टेलर यांचे आकडे मी तिच्यासमोर ठेवले. विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, पुरावा वाचता येतो; धीर देण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

हे सगळं उभं राहायला शिक्षकांची साथ लागली. तिच्या विषयाच्या प्राध्यापकांनी एक छोटी गोष्ट मान्य केली: फळ्यावर सूत्राचं रूपांतर करताना एक तरी पायरी आकडे घालून तपासायची. तिला झाला तसाच तो बदल वर्गातल्या इतरांनाही उपयोगी पडला, असं त्यांचंच म्हणणं.

काय सुधारलं, काय नाही

सत्राच्या शेवटी ती संख्यात्मक भागात उत्तीर्ण झाली, काठावर नाही पण फार वरही नाही. एन्झाइमच्या सूत्रांवरचे प्रश्न जवळजवळ निर्दोष होते. कापाकापीची चूक संपूर्ण उत्तरपत्रिकेत कुठेही नव्हती. एका विरलनाच्या प्रश्नात तिनं समासात लिहिलं होतं, ‘पाणी घातलं, संहती कमी यायला हवी’, आणि त्याखाली पहिलं उत्तर खोडून दुसरं. ती खाडाखोड मला गुणांपेक्षा मोलाची वाटली.

घाई झाली की जुनी खोड मात्र परत येते. शेवटच्या प्रश्नात, वेळ संपत असताना, ऋण घातांकांची बेरीज पुन्हा घातांकांच्या बेरजेनंच झाली. वर्षानुवर्षांची सवय एका सत्रात मोडत नाही. तिच्याशेजारी नवी सवय उभी राहते आणि काही काळ दोघींत चढाओढ चालते. म्हणून मिसळलेला सराव थांबवायचा नाही, असं आमचं ठरलं आहे.

याला मर्यादाही आहेत, आणि विभागानं हे सरसकट लावू नये असं मी स्पष्टपणे कळवलं. या मुलीचा अडथळा अरुंद होता आणि विषयाची जाण पक्की होती, म्हणून चालू अभ्यासक्रमातच दुरुस्ती करता आली. ज्याला संख्यारेषेवर ३/४ कुठे येतं ते दाखवता येत नाही, त्याला स्वतंत्र वेळच द्यावा लागतो. तो चालू विषयाच्या फटीत कोंबणं अन्याय होईल. या दोन विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या चाचणीत सारखेच गुण मिळू शकतात. त्यामुळे विभागाकडे माझी मागणी इतकीच आहे की चाचणीचे गुण नोंदवताना प्रत्येकानं लिहिलेलं चुकीचं उत्तरही नोंदवावं. १/२ + १/३ ला २/५ लिहिणारा आणि प्रश्न सोडून देणारा, दोघांनाही शून्य मिळतं, पण दोघांची गरज वेगळी असते.

लॉग अजून बाकी आहेत, आणि तिथे ती सर्वांत डळमळीत आहे. पुढच्या सत्राची सुरुवात तिथूनच होणार. पहिला प्रश्न तिला आत्ताच दिला आहे: तीव्र आम्लाची दोन द्रावणं, एकाचा सामू २ आणि दुसऱ्याचा ४, सम आकारमानात मिसळली तर मिश्रणाचा सामू किती? तिचा लगेचचा अंदाज ३ होता. हायड्रोजन आयनांची संहती पहिल्यात ०.०१ आणि दुसऱ्यात ०.०००१ मोल प्रति लिटर; मिश्रणात त्यांची सरासरी ०.००५०५, आणि सामू २.३ च्या आसपास. सामूंची सरासरी काढणं का चालत नाही, हे तिनं आकडे घालून, वक्र काढून आणि स्वतःच्या शब्दांत लिहून आणायचं आहे.